सतरावा ठोका

सुखदेवा, काल तुझी शोकसभा झाली आणि तिथं त्यांनी तुला ऐंशीचा करून टाकलं. फ्लेक्सवर तुझा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'ऐंशी किलोमीटरचा निष्ठावान घोडेस्वार'. अरे, तू जन्मात वीसच्या वर एक किलोमीटर गेला नाहीस. जिवंत होतास तोवर याच लोकांनी तुला 'वीसवाला' म्हणून हाक मारली, नाव घ्यायची तसदीसुद्धा घेतली नाही. आता वीसवाल्याची शोकसभा भरवायची म्हणजे आमच्या घोडेस्वार मंडळाच्या इभ्रतीचा प्रश्न, म्हणून फ्लेक्सवाल्याकडून तुझे साठ किलोमीटर वाढवून घेतले. फोटो कुठल्याशा वरातीतला होता. नवरदेव कापून काढला होता, पण त्याचा जरीचा जोडा तुझ्या खांद्यापाशी तसाच लटकत राहिला होता. एवढं एक काम यांना धड जमत नाही आणि हे म्हणे लांब पल्ल्याचे स्वार.

मीही त्यांच्यातलाच. भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांचं दुकान, घरामागे तबेला, तबेल्यात तुफान नावाचा मारवाडी घोडा आणि छातीवर ऐंशीची लाल बंडी. तुला हे सगळं पाठ आहे, पण हे तुझ्याशिवाय आणखी लोक, काही अगदी नवेही, ऐकणार आहेत, म्हणून नीट सांगतो. धान कापून झालं की पवनीच्या बाजूला नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यांनी आमच्या घोडदौडी होतात. वीस किलोमीटरचा एक फेरा. कुणी एक फेरा करतं, कुणी दोन, आणि आमच्यासारखे थोर लोक चार. प्रत्येक फेऱ्यानंतर गेट लागतं. तिथं घोड्याच्या काळजाचे ठोके मोजतात. वीस मिनिटांच्या आत ते मिनिटाला चौसष्टवर उतरले तर पुढं जायचं, नाही उतरले तर घोडा बाद.

वीसवाल्यांना आम्ही काय समजत होतो, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांना पांढरी बंडी. त्यांना आमच्या मागून सोडायचं, म्हणजे आमची धूळ त्यांच्या नाकात. जेवताना खुर्च्या आम्हाला, ते पाळीवर पत्रावळ मांडीवर घेऊन. त्यांची प्रमाणपत्रं माइक चालतो की नाही ते बघताना वाटून टाकायची. 'हॅलो, हॅलो, एक, दोन' च्या मध्येच एकदा तुझं नाव पुकारलं गेलं, तेही सुखराम म्हणून. तू गेलास आणि त्या सुखरामचं प्रमाणपत्र घेऊन हसत परत आलास.

शिवाय वीसवाले सकाळी साडेआठला मोकळे. मग दिवसभर आमच्या घोड्यांना पाणी कुणी द्यायचं, बादल्या कुणी भरायच्या, घोडे कुणी धरायचे? 'वीसवाले रिकामेच आहेत की,' असं म्हणायची पद्धत होती. कुणी कधी विचारलं नाही आणि तुम्ही लोकांनी कधी नाही म्हटलं नाही. 'वीस म्हणजे आम्ही घोड्याला पाण्यावर नेतो तेवढं अंतर', हा विनोद माझा. मी तो इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितला की मंडळात नवीन येणारा माणूस तो आल्या आल्या शिकायचा.

त्यातून तू कोंढा गावचा, घरी धानाची शेती आणि लग्नसराईत वरातीला घोडी देणारा. आम्हाला आणखी काय हवं होतं? पहिल्या वर्षी तू राणीला घेऊन आलास तेव्हा तिच्या शेपटीला आदल्या लग्नातली मेंदी होती. कुणीतरी फोनवर बँडचं गाणं लावलं. राणी जागच्या जागी थबकली आणि पाय उचलून नाचायला लागली. आम्ही लोळायचेच बाकी होतो. तू चिडला नाहीस. तिच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे, काळजावर, तळहात ठेवून उभा राहिलास, ती शांत झाल्यावर खोगिरावर बसलास आणि गेलास.

फेरा संपवून आलास तो पायी. शेवटचा किलोमीटरभर लगाम हातात आणि घोडी शेजारी. मी ओरडून विचारलं, "काहून बे, घोडी थकली का तू थकला?"

"कोनीच नाई थकलं भाऊ," तू म्हणालास. "तिचं काळीज खाली आनून राहिलो. बसून आनलं त गेटावर उभं राहा लागते."

गेटावर पोचताच तू राणीला पुढं केलंस आणि ती पहिल्याच मोजणीत पास झाली. आम्ही त्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण वीसचं गेट बघायचं काय असतं?

शोकसभेत तुला संतबिंत केलं त्यांनी. तू काही संत नव्हतास. गालात तंबाखूचा खर्रा भरून बोलायचास, अर्धे शब्द आतच राहायचे. माझा खूर साफ करायचा आकडा मागून नेलास तो आजवर दिला नाहीस. न विचारता प्रत्येकाच्या घोड्यावर मत द्यायचास. एकदा माझ्या दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना म्हणालास, "भाऊ, तुमी खोगिरावर डावीकडं झुकता. गल्ल्यावर बसल्यावानी." गिऱ्हाइकं हसली. मला चार दिवस राग होता, आणि पाचव्या दिवशी मी आरशासमोर खोगीर ठेवून बसून बघितलं. झुकत होतो.

"चाळीस तरी कर," मी दर हिवाळ्यात म्हणायचो. तुझं उत्तर ठरलेलं, "मंगळवारी लगन आहे जी. राणीले दोन घंटे उभं राहा लागते." मी म्हणायचो, मग हा खेळ तुझा नाही, तू वरातीच कर. एका संध्याकाळी दुकानासमोर चहा पिताना तू उलट मलाच विचारलंस, "ऐंशी कोनाले पायजे भाऊ? तुमाले का तुफानले?"

"घोड्याले काय समजते?"

"त्यालेच समजते. पाय त्याचे होत."

मी पावसापाण्याचा विषय काढला. वीसवाल्यापुढं हरणं मला जमणारं नव्हतं. ते भांडण तिथंच राहिलं.

मग डॉक्टर मॅडमनी तुला नळी दिली. मॅडम म्हणजे आमच्या घोडदौडीच्या पशुवैद्य, फार न बोलणाऱ्या. त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं की भर बँडबाजात, फटाक्यांत, तू राणीच्या छातीला हात लावून ती बिथरणार की नाही ते ओळखतोस. त्यांनी तुला स्टेथोस्कोप लावायला शिकवलं, आणि दुसऱ्याच घोडदौडीत तू गेटावर ठोके मोजायला उभा. त्या दिवशी तू पांढऱ्या बंडीखाली इस्त्रीचा शर्ट घालून आला होतास. नळी गळ्यात घालून तू उगाच दोनदा खुर्च्यांसमोरून गेलास. आम्ही एकमेकांना कोपरं मारली. खरं सांगतो, मला ते बघवलं नाही. वीसवाल्यानं आमच्या घोड्यांना पास-नापास करायचं!

तीन वर्षांपूर्वीचं ते तिसरं गेट तुला आठवत असणारच. ऐकणाऱ्यांना मी बैठकीत वेगळंच सांगितलं होतं, म्हणून आता झालं तसं सांगतो.

माझे साठ झाले होते. पुढचा एकच घोडा होता आणि तो लंगडत होता, म्हणजे पहिला नंबर माझ्या खिशात. गेटावर माणसं जमलेली. त्यांनी बघावं म्हणून मी तुफानला शेवटचा किलोमीटर पळवत आणलं. जे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात की गेटाआधी घोडा पळवू नकोस, तेच मी ऐंशीची बंडी घालून केलं. मॅडम पलीकडे त्या लंगड्या घोड्याच्या पायाशी बसल्या होत्या. तू मोजलंस, शहात्तर. "फिरवा, पानी टाका," तू म्हणालास, "दहा मिनिटं आहेत आनखी." तूच बादली उचललीस, तूच त्याच्या मानेवर पाणी ओतलंस.

वेळ संपता संपता दुसरी मोजणी. ती शेवटची. पंधरा सेकंद मोजायचे आणि चारनं गुणायचं. सोळा आले तर चौसष्ट, मी पुढं. सतरा आले तर अडुसष्ट, मी बाद. तुझी नळी तुफानच्या कोपरामागे, तिच्या दोन बोटं वर माझा तळहात, माझे डोळे घड्याळावर.

"सतरा," तू म्हणालास.

"सोळा."

"सतरा होते जी."

मी तुझ्या कानाशी आलो. "सोळा लिही, सुखदेव. एका ठोक्यानं काय होते?"

"भाऊ, म्या ऐकलं थे लिहितो."

मग मी आवाज चढवला. "वीसवाला मले ऐंशी शिकवून राहिला! बँडात राहून राहून कान गेले याचे!" सगळं गेट हसलं. तुझी मान खाली गेली. पण कार्डावर तू अडुसष्टच लिहिलंस. पाच मिनिटांनी मॅडम आल्या, त्यांनी पूर्ण मिनिटभर मोजलं, तर बासष्ट. वेळ संपलेली असल्यामुळे मी बादच झालो. पण तो बासष्टचा आकडा मला आयताच सापडला.

सुखदेवा, माझ्या तळहाताला सतरा लागले होते. पंधराव्या सेकंदावर काटा यायच्या आत, स्पष्ट. त्या संध्याकाळी तुफानचे मागचे पाय आखडले, लघवी काळपट झाली, त्याला पाऊल उचलेना. मी मॅडमना फोन केला नाही. बाहेरगावचा डॉक्टर गुपचूप बोलावला. दोन दिवस सलाईन लागलं. तो डॉक्टर म्हणाला, आणखी एक फेरा केला असता तर हा घोडा जंगलातच पडला असता. मी तबेल्याचं दार लावून घेतलं आणि कुणाला एक शब्द सांगितला नाही. उलट मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, मॅडमना बासष्ट येतात, याला अडुसष्ट येतात, याला मोजताच येत नाही, याच्या हाती आमचे घोडे काय म्हणून द्यायचे? लाल बंड्यांनी माना डोलावल्या. मॅडम थोडं भांडल्या, पण चाललं नाही. तुझी नळी काढून घेतली आणि पुढच्या हिवाळ्यात तू परत बादलीवर आलास.

मला वाटलं होतं तू येणंच बंद करशील. तू आलास. सकाळी तुझं वीस करायचं आणि मग दिवसभर बादल्या, आणि जास्त करून तुफानपाशीच. तो पाणी प्यायचा आणि तू त्याच्याकडे बघत राहायचास, माझ्याकडे नाही. मला वाटायचं, याला सगळं माहीत आहे आणि हा मुकाट्यानं मला टोचतो आहे. म्हणून मी आणखी टोमणे मारायचो. तुझ्या शर्टाला, खर्ऱ्याला, राणीच्या मेंदीला, काहीच सोडलं नाही. माझ्याइतका हलका माणूस त्या गेटावर दुसरा नव्हता, आणि लाल बंडी मात्र मला फिट बसायची.

या हिवाळ्यात, बादली धरल्या धरल्या, तू एकदाच विचारलंस, "भाऊ, त्या दिवशी तुमाले खरंच सोळा लागले होते का?"

मला तो टोमणा वाटला. मी म्हणालो, "सोळाच. किती डाव सांगू?"

"हाव जी," तू म्हणालास. "मंग सोळाच असतीन."

त्यानंतर ताप आला काय, डोक्यात गेला काय, आणि तू संपलास काय. पंधरा दिवसांत आटोपलं. मी दवाखान्यात आलो नाही. दुकानात गर्दी होती, असं मी स्वतःला सांगितलं.

काल शोकसभेत अध्यक्ष बोलले. ते बोलायला उठले की मी खुर्चीत सरसावून बसतो, कारण वेळ लागणार हे ठरलेलं. घोडा म्हणजे काय, मैत्री म्हणजे काय, सगळं झाल्यावर म्हणाले, "ठोके मोजता येत नव्हते बिचाऱ्याले, पन मन त्याचं मोजता येनार नाही येवढं मोठं!" हशा झाला, टाळ्या झाल्या. तीन वर्षांत माझं खोटं इतकं मुरलं होतं की ते आता तुझ्या कौतुकात वापरायला येत होतं. तिथं उठून बोलायची जागा होती. मी उठलो नाही. मीही हसलो.

सभा संपल्यावर फ्लेक्स गुंडाळून माझ्याच गाडीत टाकला, कोंढ्याला घरी पोचवा म्हणाले. एकालाही तुझ्या घरापर्यंत जायला सवड नव्हती. आज सकाळी मी गेलो. कौशल्यावहिनी अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी फ्लेक्स उलगडला, वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ऐंशी कवा केले जी त्याइनं?"

मी म्हणालो, मंडळानं मानानं लिहिलंय.

"त्याइचे वीस होते," त्या म्हणाल्या. "हे कोनाचं लावू मी घरात?" आणि फ्लेक्स परत गुंडाळून माझ्या हातात दिला. मग जाता जाता बोलावं तसं त्या सांगायला लागल्या. नळी काढून घेतल्यावर तू कुठूनशी एक जुनी नळी मिळवली होतीस. रोज सकाळी राणीला गोठ्यातून बाहेर काढायचास, वहिनींच्या हातात घड्याळ द्यायचास आणि ठोके मोजायचास. एकदा नळीनं, एकदा हातानं. दोन्ही जुळतात का ते बघायचास. रोज. तीन वर्षं.

"म्या म्हनलं, आता कायले मोजता? तुमाले कोन बोलावून राहिलं?" वहिनी म्हणाल्या. "त म्हने, भाऊ खोटं नाई बोलनार. येवढा मोठा मानूस, ऐंशीचा. माहाच येक ठोका जास्त झाला. थो कुठून आला थे पाहून राहिलो."

मी अंगणात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तळहात, सतरा, तुफानचे पाय, बाहेरगावचा डॉक्टर, बैठक. वहिनींनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं रडतील, शिव्या देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"मले सांगून काय होते?" त्या म्हणाल्या. "जेथं बोलले, तेथं सांगा." चहाला थांबा म्हणाल्या नाहीत. त्यांच्या दारातून चहा न घेता मी पहिल्यांदा निघालो.

वाटेत गाडी थांबवून अध्यक्षांना फोन केला. म्हणालो, शनिवारी घोडदौडीआधीच्या बैठकीत मला बोलायचं आहे. काय बोलायचं तेही सांगितलं. ते समजुतीनं म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊ. गेलेल्या मानसाले काय फरक पडते? तुमचंच नाव खराब होईन. आन् ऐंशीवाल्यानं वीसवाल्यापायी अशी माफी मागनं बरं दिसते का?" एवढं झाल्यावरही त्यांना अंतरच दिसत होतं. मी म्हणालो, नाव खराबच आहे, फक्त तुम्हाला माहीत नव्हतं. आणि फोन ठेवला.

तेव्हा शनिवारी हे सगळं मी वाचणार आहे, लाल बंड्यांसमोर आणि पांढऱ्या बंड्यांसमोर. मध्येच कुणी उठून गेलं तर जाऊ दे. तुझ्या नावापुढं वीस लिहा, आणि गेटावर याची मोजणी बरोबर होती असं लिहा, एवढंच मी मागणार आहे. ते लिहितील, न लिहितील. मला त्यांच्याबद्दल आता काही फार वाटत नाही.

मला वाटतं ते एकाच गोष्टीचं. या हिवाळ्यात तू विचारलंस तेव्हा तू टोमणा मारत नव्हतास. तू खरंच विचारत होतास. तीन वर्षं रोज सकाळी मोजून तुला उत्तर सापडलं नव्हतं आणि ते फक्त माझ्याकडे होतं. तुफान पाणी पीत होता, मी तुझ्यापासून दोन पावलांवर उभा होतो, आणि एक शब्द बोलायचा होता. सतरा, सुखदेवा. सतराच होते.